जावा सॉकेट: कनेक्शन जुळतं, एरर येत नाही, तरी दोन्ही प्रोग्राम गप्प

सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्रामांमधल्या नेटवर्क कनेक्शनचं टोक, वापरताना अडकलं की लक्षणं अशी असतात. सर्व्हर चालू केला, कन्सोलवर ‘क्लायंटची वाट पाहतोय’ आलं. क्लायंट चालू केला, सर्व्हरने ‘क्लायंट जोडला’ असंही छापलं. क्लायंटने ‘हॅलो’ पाठवलं आणि तिथून पुढे काहीच नाही. सर्व्हरवर निरोप उमटत नाही, क्लायंटला उत्तर मिळत नाही. एक्सेप्शन नाही, लाल अक्षरं नाहीत आणि प्रोग्राम संपतही नाही.

डिप्लोमा, बीसीएस, एमसीए, कोणत्याही कोर्सच्या जावा प्रॅक्टिकलला इको सर्व्हर किंवा चॅटचा प्रोग्राम लिहायला आला की हा प्रश्न हमखास येतो. नोकरीला लागून काही वर्षं झालेल्यांनाही तो सोडत नाही. वजनकाटा, बारकोड स्कॅनर किंवा दुसऱ्या कुणाची जुनी सिस्टीम सॉकेटवरून जोडायची वेळ आली की तो पुन्हा समोर उभा राहतो. कोड दर वेळी वेगळा असतो, मूळ मात्र फिरून एकच निघतं: दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत असतात, कारण ‘निरोप इथे संपला’ हे ओळखायचं कसं, ते त्यांच्यात ठरलेलंच नसतं. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या एका वाक्याचाच विस्तार आहे. क्लास आणि मेथडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, ती ओळखू येतील.

आधी कोण कुठे अडकलंय ते बघा

कोडमध्ये इकडे-तिकडे फ्लश (साठलेलं पुढे ढकलणारी मेथड) टाकून बघणं, स्लीप (थोडं थांबवणारी मेथड) घालून बघणं, पोर्ट बदलून बघणं यात संध्याकाळ जाते. त्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. जेडीकेसोबत, म्हणजे जावाच्या विकास-संचासोबत, जेपीएस आणि जेस्टॅक ही दोन हत्यारं येतात. जेपीएस चालवलं की चालू असलेल्या जावा प्रोग्रामांचे प्रोसेस क्रमांक दिसतात. त्यातला आपला क्रमांक जेस्टॅकला द्यायचा. प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा, त्या क्षणी कोणत्या ओळीवर उभा आहे, ते तो छापून देतो. सर्व्हर आणि क्लायंट दोघांचंही असं चित्र काढा आणि त्यात आपल्या स्वतःच्या क्लासचं नाव असलेली पहिली ओळ शोधा.

दोन्हीकडे मेन थ्रेड रीडलाइनवर किंवा रीडवर उभा दिसला, तर रोग पक्का झाला: दोघेही ऐकायला बसलेत आणि बोलत कुणीच नाही. दोन्हीकडे राइटवर उभा दिसला, तर प्रकार वेगळा आहे, त्याबद्दल पुढे येतं. एक बाजू ॲक्सेप्टवर आणि दुसरी रीडवर असेल, तर गाडी थेट थ्रेडिंगच्या प्रश्नाकडे वळवा.

इथे एका गोष्टीने बरेच जण फसतात. सॉकेटवर वाचत बसलेल्या थ्रेडची अवस्था जेस्टॅकमध्ये बहुतेक वेळा ‘रनेबल’ अशी दिसते. ती बघून ‘थ्रेड तर चालू आहे, मग अडकला कुठे?’ असं वाटतं. पण तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत डेटाची वाट पाहत असतो आणि जावाच्या हिशेबात ती वाट ‘ब्लॉक्ड’ किंवा ‘वेटिंग’मध्ये मोडत नाही. म्हणून अवस्थेकडे बघू नका, ओळ बघा.

दुसरी युक्ती म्हणजे एक बाजू खेळातून बाहेर काढायची. लिनक्स आणि मॅकवर नेटकॅट, म्हणजे एनसी, बहुधा असतंच. विंडोजवर पुटी घेऊन त्यात ‘रॉ’ प्रकारचं कनेक्शन उघडा. सर्व्हरच्या पोर्टला जोडा, हाताने ‘हॅलो’ टाइप करा आणि एंटर दाबा. सर्व्हरने उत्तर दिलं तर सर्व्हर ठीक आहे आणि दोष आपल्या क्लायंटमध्ये आहे. उत्तर आलं नाही तर क्लायंटचा कोड बंद करून ठेवा, सर्व्हर उघडा. हे न करता दोन्ही फाइली एकाच वेळी बदलत बसलेली माणसं मी फार पाहिली आहेत, आणि त्यांचा शेवट दोन्ही फाइली बिघडण्यात होतो.

न गेलेला निरोप आणि न संपलेली ओळ

सर्वांत जास्त सापडणारी जोडी हीच आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

सर्व्हर बफर्डरीडरच्या रीडलाइनने वाचतोय असं धरा. रीडलाइन परत कधी येते? ओळ संपल्याची खूण मिळाल्यावर, म्हणजे बॅकस्लॅश-एन किंवा बॅकस्लॅश-आर आल्यावर. नाहीतर समोरच्याने कनेक्शन बंद केल्यावर. या दोन्हीपैकी काहीच घडलं नाही, तर हातात ‘हॅलो’ची सगळी अक्षरं येऊन पडलेली असली तरी ती तिथेच बसून राहते. तिच्या दृष्टीने ओळ अजून चालू आहे.

आता क्लायंटकडे या. तिथे प्रिंटरायटर आहे आणि त्यावर प्रिंट मेथड बोलावली आहे. प्रिंट ओळ संपवत नाही. शिवाय प्रिंटरायटरच्या आत एक बफर, म्हणजे तात्पुरता साठा, असतो. लिहिलेलं आधी त्या बफरमध्ये जातं आणि तो भरल्याशिवाय किंवा फ्लश केल्याशिवाय सॉकेटपर्यंत पोचत नाही. एवढासा ‘हॅलो’ हजारो अक्षरांच्या बफरच्या तळाशी पडून राहतो आणि नेटवर्कवर एक बाइटही जात नाही.

म्हणजे इथे दोन वेगळे दोष आहेत: फ्लश नाही आणि ओळीचा शेवट नाही. लक्षण दोन्हीचं सारखंच असल्यामुळे लोक एक दुरुस्त करतात, फरक दिसत नाही, मग ते काढून दुसरं करून बघतात आणि त्यानेही फरक पडत नाही. दोन्ही एकदम हवेत.

प्रिंटरायटर बनवताना दुसरा पॅरामीटर ट्रू दिला की ऑटोफ्लश मिळतो, हे पुस्तकात असतं. त्याची मर्यादा मात्र क्वचितच ठळकपणे सांगितली जाते. ऑटोफ्लश फक्त प्रिंटएलएन, प्रिंटएफ आणि फॉरमॅट या मेथडना लागू आहे. प्रिंट किंवा राइट वापरलं, वर स्वतः बॅकस्लॅश-एन जोडलं, तरी फ्लश होत नाही. ‘मी तर ट्रू दिलंय’ असं म्हणणाऱ्याच्या कोडमध्ये आधी हेच शोधा.

आपल्याकडे दोन्हींपैकी कोणता दोष आहे हे ओळखायचं असेल, तर लिनक्स किंवा मॅकवर प्रोग्राम अडकलेला असताना क्लायंट कंट्रोल-सीने मारा आणि सर्व्हरकडे बघा. सर्व्हरवर तेवढ्यात ‘हॅलो’ उमटलं, तर बाइट्स आधीच पोचले होते आणि फक्त ओळीचा शेवट राहिला होता. कनेक्शन बंद होताच रीडलाइनने हातात होतं ते देऊन टाकलं. काहीच न उमटता रीडलाइनने नल दिला, तर बाइट्स क्लायंटच्या बफरमधून कधी निघालेच नव्हते, म्हणजे फ्लश नव्हता. विंडोजवर प्रोग्राम असा मारला की बऱ्याचदा सर्व्हरला ‘कनेक्शन रीसेट’चं एक्सेप्शन मिळतं आणि ही खूण पुसट होते, म्हणून ही तपासणी तिथे करू नका.

दुरुस्ती साधी आहे: ऑटोफ्लश चालू ठेवून प्रिंटएलएन वापरा. दुसऱ्या बाजूला जावाऐवजी एखादं यंत्र किंवा सी-मधला प्रोग्राम असेल, तर प्रिंटएलएनवरही विसंबू नका. ती ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते तिथलं ओळीचं चिन्ह टाकते, म्हणजे विंडोजवर बॅकस्लॅश-आर बॅकस्लॅश-एन आणि लिनक्सवर नुसतं बॅकस्लॅश-एन. समोरच्याला जे हवंय ते स्वतः लिहा आणि फ्लशही स्वतः बोलवा.

टीसीपीला ‘निरोप’ माहीत नसतो

वरचं सगळं जमलं, चॅट चालू झालं, आणि मग कुणीतरी फाइल किंवा फोटो पाठवायला घेतो. आता रीडलाइन चालत नाही, म्हणून इनपुटस्ट्रीमचं रीड वापरलं जातं: 4096 बाइट्सचा ॲरे घेतला, एकदा रीड केलं, काम झालं. स्वतःच्या लॅपटॉपवर ते नीट चालतं. लॅबमधल्या दोन वेगळ्या मशीनवर ठेवलं की फोटो अर्धा येतो, आणि तोही दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटलेला.

टीसीपी, म्हणजे सॉकेटच्या खाली चालणारा नेटवर्कचा नियमसंच, पाठवतो तो बाइटांचा सलग प्रवाह. पाटाला पाणी सोडताना वरच्या टोकाला किती बादल्या ओतल्या, हे खालच्या टोकाला उभ्या असलेल्याला कळू शकत नाही. त्याला फक्त पाणी येताना दिसतं. क्रम बिघडणार नाही आणि मधलं काही गळणार नाही, एवढं टीसीपी सांभाळतो. टीसीपीचे नियम लिहिलेल्या 1981 सालच्या आरएफसी 793 या दस्तऐवजापासून आजच्या आरएफसी 9293 पर्यंत तो करार तसाच आहे, आणि ‘तू एकदा राइट केलंस म्हणून समोरच्याला एका रीडमध्ये मिळेल’ असं कलम त्यात कधीच नव्हतं.

एकाच मशीनवर चालवताना हे लक्षात येत नाही, कारण लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर, एक राइट बहुतेक वेळा एका रीडमध्ये मिळून जातं. खऱ्या नेटवर्कवर साध्या इथरनेटच्या एका फ्रेममध्ये (एका वेळी जाणाऱ्या तुकड्यात) 1500 बाइट्सचा माल मावतो, त्यातून हेडर वजा जाता टीसीपीच्या वाट्याला साधारण 1460 बाइट्स उरतात. 5000 बाइट्सचा निरोप तुकड्यांत जाणारच. उलटही घडतं: लागोपाठ पाठवलेले दोन छोटे निरोप एका रीडमध्ये चिकटून येतात.

म्हणून रीडची परतलेली संख्या बघितल्याशिवाय ॲरेला हात लावायचा नाही. ती 4096 पेक्षा कमी असू शकते, अगदी 1 सुद्धा असू शकते, आणि –1 असेल तर समोरच्याने पाठवणं संपवलं आहे. ठरावीक बाइट्स हवेच असतील तर डेटाइनपुटस्ट्रीमचं रीडफुली वापरा. तेवढे बाइट्स पूर्ण मिळेपर्यंत ते थांबतं, आणि मधेच कनेक्शन तुटलं तर ईओएफएक्सेप्शन फेकतं. अव्हेलेबल मेथड विचारून ‘शून्य आलं म्हणजे निरोप संपला’ असं मानणारा कोड दिसला तर तो काढून टाका. न थांबता आत्ता किती वाचता येईल, एवढंच ती सांगते. पुढचा तुकडा अजून वाटेत असेल, त्याचा तिला पत्ता नसतो.

किती बाइट्स वाचायचे हे मग कळणार कसं? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आधी लांबी पाठवायची, मग मजकूर. डेटाआउटपुटस्ट्रीमच्या राइटइंटने 4 बाइट्समध्ये लांबी लिहा, मागोमाग तेवढे बाइट्स. वाचणारा आधी रीडइंट करेल, तेवढा ॲरे घेईल आणि रीडफुली करेल. राइटइंट मोठा बाइट आधी लिहितं, तेव्हा समोर पायथॉन किंवा सी असेल तर तिथेही तोच क्रम ठेवा.

मराठीत मजकूर पाठवणाऱ्यांचा पाय इथेच घसरतो. ‘नमस्कार’ या स्ट्रिंगची लेंग्थ जावात 7 येते: न, म, स, हलन्त, क, काना, र. पण यूटीएफ-8मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्स घेतं, म्हणजे प्रत्यक्षात जातात 21 बाइट्स. स्ट्रिंगची लेंग्थ 7 लिहून मागे 21 बाइट्स पाठवले की समोरचा पहिले 7 वाचतो. त्याच्या हाती ‘नम’ आणि पुढच्या अक्षराचा एक तुटका बाइट पडतो. उरलेल्या 14 पैकी पहिले 4 बाइट्स पुढच्या निरोपाची लांबी म्हणून वाचले जातात आणि तिथून संपूर्ण संवाद बिघडतो. इंग्रजी अक्षरांनी चाचणी केली तर हा दोष कधीच दिसणार नाही, कारण तिथे लेंग्थ आणि बाइट्स सारखेच असतात. आधी गेटबाइट्सने बाइट्सचा ॲरे बनवा आणि त्या ॲरेची लांबी पाठवा. गेटबाइट्सला, रीडरला, रायटरला, सगळीकडे यूटीएफ-8 स्पष्टपणे सांगा. जावा 18 पासून न सांगताही यूटीएफ-8च धरलं जातं, पण त्याआधीच्या आवृत्त्यांत विंडोजवर वेगळंच एन्कोडिंग निघायचं. लॅबमध्ये आणि कंपन्यांत जावा 8 अजून भरपूर चालतं, तिथे मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर कारण बहुधा हेच.

लांबी वाचली की तिच्यावर एक कमाल मर्यादाही लावा, उदाहरणार्थ 10 एमबी, आणि ऋण आकडा तर सरळ नाकारा. लॉगमध्ये कधी 1195725856 असा विचित्र आकडा लांबी म्हणून दिसला तर चक्रावू नका. एचटीटीपीची विनंती ‘गेट’ या शब्दाने सुरू होते. त्याची 3 अक्षरं आणि पुढची रिकामी जागा हे 4 बाइट्स पूर्णांक म्हणून वाचले की हाच आकडा येतो. कुणीतरी तुमच्या पोर्टवर ब्राउझर उघडलाय. मर्यादा नसेल तर सर्व्हर तेवढ्या मोठ्या ॲरेसाठी मेमरी मागायला जाईल.

नलची वाट पाहणारा लूप

आता तोच रोग दुसऱ्या वेषात. सर्व्हरमध्ये व्हाइल लूप आहे: रीडलाइन नल देत नाही तोवर वाच आणि लूप संपल्यावर उत्तर पाठव. फाइल वाचताना हा लूप बरोबर असतो, म्हणून तो सवयीने इथे येतो. पण सॉकेटवर नल येतो तो समोरच्याने आपली पाठवण्याची बाजू बंद केल्यावरच. क्लायंट उत्तराची वाट पाहत कनेक्शन उघडं ठेवून बसलाय, सर्व्हर ते बंद होण्याची वाट पाहतोय.

छोटा वेब सर्व्हर लिहिण्याच्या असाइनमेंटमध्ये तर हे घडतंच. ब्राउझर विनंती पाठवून कनेक्शन उघडं ठेवतो आणि टॅबवरचं चक्र फिरत राहतं. एचटीटीपीमध्ये हेडर संपल्याची खूण म्हणजे रिकामी ओळ. तेव्हा रिकामी स्ट्रिंग मिळताच लूपमधून बाहेर या आणि उत्तर पाठवा.

स्वतःचा प्रोटोकॉल असेल आणि क्लायंटला एकदाच सगळं पाठवून एकदाच उत्तर घ्यायचं असेल, तर क्लायंटने पाठवून झाल्यावर आधी फ्लश आणि मग सॉकेटची शटडाउनआउटपुट मेथड बोलवावी. ‘माझं बोलून झालं, ऐकायला मी अजून आहे’ असा निरोप त्यातून जातो. सर्व्हरला नल किंवा –1 मिळतो आणि उत्तराची वाट उघडी राहते. याऐवजी आउटपुटस्ट्रीम क्लोज केली तर पूर्ण सॉकेटच बंद होतं आणि पुढच्या वाचनाला ‘सॉकेट क्लोज्ड’ मिळतं. ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (ब्लॉक संपताच स्ट्रीम आपोआप बंद करणारी जावाची रचना) रायटरचा ब्लॉक लवकर संपवणाऱ्यांच्या वाट्याला नेमकं हेच येतं. सॉकेट, रीडर आणि रायटर तिन्ही एकाच ट्रायमध्ये ठेवा.

एका सॉकेटवर दोन रीडर

ही चूक कमी दिसते, पण दिसली की डोकं फिरवते. पहिली ओळ वाचण्यासाठी एका मेथडमध्ये बफर्डरीडर बनवला, तिथलं काम झालं. पुढच्या मेथडमध्ये त्याच सॉकेटवर नवा बफर्डरीडर, किंवा मजकूर संपला म्हणून फोटोसाठी थेट इनपुटस्ट्रीम. पहिल्या रीडरने एका ओळीसाठी हात घातला तरी सॉकेटमधून मिळेल तेवढं सगळं आपल्या बफरमध्ये ओढून घेतलेलं असतं. त्या रीडरसोबत ते बाइट्सही गेले आणि दुसरा रीडर कधीच न येणाऱ्या डेटाची वाट पाहतो.

एका सॉकेटला एकच रीडर, कनेक्शन जुळताना बनवलेला, आणि तोच सगळीकडे पास केलेला. मजकूर आणि बायनरी दोन्ही जाणार असतील तर रीडर वापरूच नका. सगळं डेटाइनपुटस्ट्रीममधून लांबी-मग-मजकूर पद्धतीने वाचा. ‘क्लायंटहँडलर’ असा एक क्लास करून सॉकेट आणि त्याच्या दोन्ही स्ट्रीम त्यात प्रायव्हेट ठेवल्या, तर दुसरा रीडर बनवायची वेळच येत नाही. एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे डेटा क्लासच्या आत झाकून ठेवण्याचा, उपयोग काय असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी हेच उदाहरण देतो.

ऑब्जेक्टस्ट्रीम: एक ओळही न पाठवता अडकलेले

मजकुराऐवजी आख्खे जावा ऑब्जेक्ट पाठवताना जेस्टॅकमध्ये दोन्ही बाजू ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीमच्या कन्स्ट्रक्टरमध्येच उभ्या दिसल्या, तर कारण ओळींच्या क्रमात आहे. ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम बनताच 4 बाइट्सचं एक हेडर लिहिते आणि ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम बनताना ते हेडर मिळेपर्यंत थांबते. दोघांनीही इनपुट आधी बनवायला घेतलं तर हेडर पाठवायला कुणी उरत नाही. दोन्हीकडे आउटपुट आधी बनवा, लगेच फ्लश करा, मग इनपुट.

दुसरी तक्रार अशी असते: ऑब्जेक्टमधली किंमत बदलून तोच ऑब्जेक्ट पुन्हा पाठवला, तरी समोर जुनीच किंमत दिसते. स्ट्रीम पाठवलेले ऑब्जेक्ट लक्षात ठेवते आणि दुसऱ्यांदा फक्त ‘मघाचाच तो’ एवढा निर्देश पाठवते. पुन्हा पाठवण्याआधी रीसेट बोलवा. तरीही, प्रॅक्टिकलपुरतं ठीक आहे, पण नव्या कामात नेटवर्कवरून जावा सिरियलायझेशन (ऑब्जेक्टचे थेट बाइट्स करण्याची ही सोय) वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. अनोळखी बाजूकडून आलेले बाइट्स ऑब्जेक्टमध्ये बदलणं हे सुरक्षेच्या दृष्टीने फार महागात पडलेलं आहे, आणि समोर उद्या अँड्रॉइड किंवा पायथॉन आलं की सगळं परत लिहावं लागतं. जेसन, म्हणजे साध्या मजकुरातला डेटा, पाठवा, वरच्या पद्धतीने आधी लांबी लावून.

पहिला क्लायंट चालतो, दुसरा जोडून बसून राहतो

दुसऱ्या क्लायंटला ‘कनेक्टेड’ दिसतं, त्याचा डेटा जातो, उत्तर मात्र येत नाही. पहिला क्लायंट बंद केला की दुसऱ्याची सगळी उत्तरं धडाधड येतात. सर्व्हर एकाच थ्रेडवर आहे, तो पहिल्याशी बोलण्याच्या लूपमध्ये आहे आणि ॲक्सेप्टकडे परत गेलेलाच नाही. मग दुसरा जोडला कसा गेला? टीसीपीचा हात मिळवण्याचा विधी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच पूर्ण करते आणि कनेक्शन रांगेत ठेवते. जावाचं ॲक्सेप्ट फक्त रांगेतलं पुढचं कनेक्शन उचलून हातात देतं. सर्व्हरसॉकेट ही रांग न सांगता 50 ची मागतं. म्हणून क्लायंटला मिळालेलं ‘कनेक्टेड’ म्हणजे सर्व्हरच्या प्रोग्रामने त्याची दखल घेतली असं नव्हे.

मेन थ्रेडच्या लूपमध्ये फक्त ॲक्सेप्ट ठेवा आणि मिळालेलं सॉकेट क्लायंटहँडलरला देऊन तो थ्रेडपूलवर, म्हणजे तयार ठेवलेल्या थ्रेडच्या संचावर, टाका. जावा 21 किंवा पुढचं असेल तर व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जावाचे हलके थ्रेड, घ्या. प्रत्येक क्लायंटला एक असा सरळ वाचता येणारा कोड ठेवूनही हजारो कनेक्शन पेलता येतात. फिक्स्ड पूल 10 चा ठेवलात तर अकराव्या क्लायंटला हेच लक्षण दिसेल, ते विसरू नका.

चॅटमध्ये आणखी एक गाठ असते. कीबोर्डवरून वाचणं आणि सॉकेटवरून वाचणं ही दोन्ही कामं थांबवणारी आहेत, आणि ती एका थ्रेडवर ठेवली की ‘मी काही टाइप केलं तरच समोरच्याचा निरोप दिसतो’ अशी तक्रार येते. दोन कामं, दोन थ्रेड.

दोन्ही बाजू राइटवर अडकलेल्या दिसल्या तर त्या एकमेकींना भरपूर डेटा पाठवताहेत आणि वाचत कुणीच नाही. दोन्हीकडचे बफर भरले की राइटही थांबतं. लिहिणं आणि वाचणं वेगळ्या थ्रेडवर न्या.

कायमची वाट पाहू देऊ नका

वरचं सगळं बरोबर असलं तरी समोरच्या मशीनची वीज जाऊ शकते, वायफाय तुटू शकतं. अशा वेळी ‘मी निघालो’ असा टीसीपीचा निरोप येतच नाही आणि रीड अनंतकाळ थांबतं, कारण सॉकेटचा वाचनाचा टाइमआउट मुळात 0, म्हणजे कधीच नाही, असा असतो. कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे ना याची टीसीपीची आपोआप चौकशी, चालू केलं तरी लिनक्सवर पहिली चौकशी 2 तासांनी होते. सेटएसओटाइमआउटने तुमच्या कामाला शोभेल अशी मुदत द्या. कनेक्ट करतानाही पॅरामीटर नसलेलं सॉकेट बनवून कनेक्ट मेथडला टाइमआउट द्या.

सॉकेटटाइमआउटएक्सेप्शननंतर सॉकेट वापरण्याजोगं राहतं, असं डॉक्युमेंटेशन सांगतं आणि ते खरं आहे. पण रीडलाइन अर्धी ओळ वाचून झाल्यावर मुदत संपली, तर तो अर्धा भाग हरवतो आणि पुढची रीडलाइन उरलेल्या तुकड्यापासून सुरू होते. म्हणून रीडलाइन वापरत असाल तर टाइमआउटनंतर कनेक्शन बंद करून नवं जोडणंच शहाणपणाचं.

लिहिण्याच्या बाजूने प्रिंटरायटरची एक खोड माहीत हवी: तो आयओएक्सेप्शन गिळतो. समोरचा केव्हाच गेलेला असतो आणि आपला प्रोग्राम आनंदाने प्रिंटएलएन करत राहतो. चेकएरर विचारत राहा, नाहीतर बफर्डरायटर घ्या, तो एक्सेप्शन फेकतो. आणि राइट यशस्वी झालं याचा अर्थ बाइट्स आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात गेले, एवढाच. समोरच्याने ते वाचले याची खात्री हवी असेल तर त्याने पोच पाठवायची, असं प्रोटोकॉलमध्येच ठरवा.

जिथे एरर येते ते प्रकार

हे तुलनेने सोपे, कारण प्रोग्राम निदान बोलतो तरी. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ आलं की बहुतेक वेळा तुमचाच जुना सर्व्हर मागे चालू असतो, आयडीईत रन दोनदा दाबल्यामुळे. जेपीएसमध्ये तो दिसेल, बंद करा. तिथे नसेल तर विंडोजवर नेटस्टॅटने पोर्ट धरून बसलेला प्रोसेस क्रमांक काढता येतो, लिनक्सवर एसएसने. लिनक्सवर 1024 च्या खालचं पोर्ट मागितलं आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर 5000, 8080 असं वरचं घ्या.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्ट टाइम्ड आउट’ यांना एकाच पारड्यात टाकू नका. रिफ्यूज्ड म्हणजे त्या मशीनपर्यंत तुम्ही पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सर्व्हर चालू नाही, पोर्ट चुकलं, किंवा सर्व्हर फक्त 127.0.0.1 वर बांधलेला आहे. सर्व्हरसॉकेटला नुसतं पोर्ट दिलं तर तो सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, सोबत लोकलहोस्टचा पत्ता दिला तर बाहेरच्यांना दार बंद. टाइम्ड आउट म्हणजे तुमच्या हाकेला ‘नाही’ असंही उत्तर आलं नाही. आयपी चुकला किंवा फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं. विंडोजवर सर्व्हर पहिल्यांदा चालवताना फायरवॉलची खिडकी येते आणि घाईत ‘कॅन्सल’ दाबलं जातं. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये जाऊन जावाला परवानगी द्या, आणि आपलं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय की ‘प्रायव्हेट’ तेही बघा. पिंग चालतं की नाही यावरून निष्कर्ष काढू नका, कारण पिंग बंद ठेवून पोर्ट उघडं असू शकतं आणि उलटही.

कॉलेज, हॉस्टेल किंवा कॅफेच्या वायफायवर दोन्ही लॅपटॉप इंटरनेटला जातात, पण एकमेकांना दिसत नाहीत, असंही होतं. तिथले ॲक्सेस पॉइंट मुद्दाम तसे लावलेले असतात आणि तुमच्या कोडमध्ये त्यावर उपाय नाही. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून दोन्ही लॅपटॉप त्याला जोडून बघा. क्लायंट अँड्रॉइडवर असेल तर लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच. तिथे सर्व्हरच्या मशीनचा 192.168 ने सुरू होणारा किंवा तुमच्या नेटवर्कवर जो असेल तो आयपी द्यावा लागतो, आणि अँड्रॉइड स्टुडिओच्या इम्युलेटरमधून आपल्याच लॅपटॉपवरच्या सर्व्हरकडे जायचं असेल तर 10.0.2.2.